वाचकांचे प्रश्न : जुनी लीव्हर रायफल आणि ‘वाइल्डकॅट’ काडतुसे

मागील अंकातील अलास्कावरील लेखात, अस्वलांच्या मुलखात राहणारी माणसे जुन्या लीव्हर रायफली (चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या) बदलून त्यांतून अधिक जोरकस काडतुसे उडवतात, असा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर अनेक वाचकांनी लिहिले. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा भाचा अनेक वर्षांपासून अलास्कात स्थायिक आहे. त्याने एका वृद्ध शेजाऱ्याकडून विंचेस्टर मॉडेल ७१ ही लीव्हर रायफल विकत घेतली. नळीवरचा मूळ .३४८ हा आकडा घासून तेथे ‘.४५० अलास्कन’ असे कोरलेले आहे. गावातील दुकानात या नावाचे काडतूस मिळत नाही. हा काय प्रकार आहे, आणि ही रायफल वापरण्याजोगी आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या भाच्याच्या हाती आलेली वस्तू अलास्काच्या इतिहासाचा एक तुकडा आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन सांगतो.

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने १८८६ साली जी लीव्हर रायफल काढली, ती तोवरच्या लीव्हर रायफलींपेक्षा पुष्कळ दणकट होती. नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी दांडा म्हणजे बोल्ट; त्याच्या दोन्ही अंगांना दोन उभे पोलादी ठोकळे वर सरकून तो अडवतात, हे तिचे मर्म. हीच रचना उत्तम पोलादात पुन्हा घडवून १९३०च्या दशकाच्या मध्यास मॉडेल ७१ बाजारात आली. ती कारखान्यात एकाच काडतुसासाठी बनत असे, ते म्हणजे .३४८ विंचेस्टर (आकडा गोळीचा साधारण व्यास, इंचांत). १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन थांबले, तोपर्यंत सुमारे ४७ हजार रायफली तयार झाल्या होत्या. हरीण, मूस (हरणाच्या कुळातील थोराड जनावर) किंवा काळे अस्वल यांच्यासाठी .३४८ पुरेसे होते. परंतु अलास्कातील केनाई द्वीपकल्पातील सॅमन माशांच्या ओढ्याकाठी, झुडपांच्या दाटीत, पंधरा पावलांवर तपकिरी अस्वल उभे राहते तेव्हा १३ ग्रॅमची गोळी अनेकांना अपुरी वाटत असे.

केनाईवरच्या कूपर लँडिंग या वस्तीत हॅरॉल्ड जॉन्सन नावाचे बंदूक-कारागीर राहत होते. त्यांनी १९५०च्या दशकात .३४८ चे पितळी कवच घेतले, त्याचे तोंड .४५८ इंच व्यासाच्या गोळीसाठी रुंद केले आणि कवचाच्या अंगाचा निमुळतेपणा कमी करून आत दारूला जास्त जागा केली. हेच .४५० अलास्कन. मूळ .३४८ ची १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७६० मीटर वेगाने निघते. .४५० अलास्कन २६ ग्रॅमची गोळी सुमारे ६४० मीटर वेगाने फेकते, म्हणजे वजन दुप्पट आणि वेगात फारशी घट नाही. याच जॉन्सन यांनी हॅरॉल्ड फुलर यांच्या साथीने .५० अलास्कनही घडवले. त्या मापाच्या शिकारी गोळ्या तेव्हा मिळत नसल्यामुळे लष्करी .५० ब्राउनिंग मशीनगनच्या गोळ्या कापून त्यांचा मागचा बोथट भाग पुढे करून बसवला जाई. रस्त्यापासून दूर राहणाऱ्या माणसाने हाताशी असलेल्या वस्तूंतून काढलेली ही वाट आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता दुकानाविषयी. अमेरिकेतील शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची ‘सामी’ ही संस्था १९२६ पासून काडतुसांची मापे आणि कमाल दाब ठरवून देते. ज्या काडतुसाला असे अधिकृत माप मिळालेले नसते, ते ‘वाइल्डकॅट’. ते वापरणारा माणूस कवचे स्वतः घडवतो आणि स्वतः भरतो. कारखान्याच्या काडतुसामागे प्रयोगशाळा उभी असते. वाइल्डकॅटमागे केवळ ते बनवणाऱ्याचा हात आणि त्याची वही असते.

म्हणूनच नळीवर कोरलेल्या नावावर विसंबू नये, असे मी कळकळीने सांगतो. .३४८ च्या कवचातून .४५ व्यासाची काडतुसे एकट्या जॉन्सन यांनीच नव्हे, तर इतर अनेक कारागिरांनी काढली, आणि त्यांचे खांद्याचे (कवच तोंडाकडे आवळते त्या भागाचे) कोन व अंगाचे निमुळतेपण एकमेकांशी जुळत नाही. नाव एक आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची पोकळी) दुसरेच, असे प्रत्यक्ष घडते. भाच्याने रायफल प्रथम जाणत्या कारागिराकडे न्यावी. तो कमी तापमानाला वितळणारा धातू चेंबरमध्ये ओतून त्याचा ठसा काढील आणि त्या ठशाची मापे घेईल. बोल्ट बंद झाल्यावर कवचाच्या कडेमागे किती मोकळी जागा राहते तेही तो मापकाने तपासील. ही दोन कामे होईपर्यंत त्या रायफलीत एकही काडतूस घालू नये. शेजाऱ्याने भरून ठेवलेली जुनी काडतुसे रायफलीसोबत आली असतील, तर ती कितीही नीटनेटकी दिसोत, उडवू नयेत. त्यांत कोणती दारू किती भरली आहे हे सांगू शकणारा माणूस कदाचित आज हयातही नसेल.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. .३०-३० या साध्या काडतुसाचा कमाल दाब ४२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे असे वाचले. मग ४०,००० दाबाचे मोठे काडतूस त्याच रायफलीत बसवता आले, तर ते उलट अधिक सुरक्षित ठरायला नको का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा आहे. अनेक अनुभवी माणसेही नेमकी येथेच फसतात, त्यामुळे आकडे मांडूनच उत्तर देतो.

दाब म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर पडणारा जोर. बोल्टला मात्र एकूण जोर सोसावा लागतो, आणि तो कवचाच्या बुडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. .३०-३० च्या बुडाचा व्यास .४२२ इंच, म्हणजे क्षेत्रफळ .१४ चौरस इंच. ४२,००० ने गुणल्यास सुमारे ५,९०० पौंड येतात, म्हणजे साधारण २,६६० किलो. .३४८ च्या कुळातील कवचाचा बुडाशी व्यास .५५३ इंच आणि क्षेत्रफळ .२४ चौरस इंच. दाब ४०,००० धरला तरी जोर ९,६०० पौंडांवर जातो, म्हणजे साधारण ४,३५० किलो. दाब कमी असूनही बोल्टवरचा भार दीडपटीहून अधिक झाला. हा हिशेब बाहेरच्या व्यासावरून केलेला आहे. प्रत्यक्षात कवचाचा आतला व्यास कमी असतो आणि पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते, त्यामुळे खरा भार याहून कमी भरतो. पण ती पकड कोरड्या चेंबरमध्येच चांगली बसते. कवचाला तेल लागलेले असेल किंवा पावसाचे पाणी आत गेले असेल तर पकड सुटते आणि तो भार बोल्टवर येतो. केनाईवर वर्षातले किती दिवस कोरडे जातात, हे तिथे राहिलेल्या माणसाला विचारावे.

.४५-७० चे उदाहरणही पाहा. १८७३ साली अमेरिकी सैन्याच्या एकबारी स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी ते आले आणि त्या जुन्या रायफली आजही वापरात असल्यामुळे त्याची अधिकृत मर्यादा २८,००० एवढीच ठेवलेली आहे. .५०५ इंच व्यासावर हा भार सुमारे २,५४० किलो होतो, म्हणजे .३०-३० पेक्षाही थोडा कमी. त्याच कवचात ४०,००० दाब निर्माण केला की भार ३,६०० किलोंवर जातो. म्हणून काडतुसे भरण्याच्या पुस्तिकांत .४५-७० साठी तीन वेगळे तक्ते दिलेले असतात : जुन्या स्प्रिंगफील्डसाठी, आधुनिक लीव्हर रायफलींसाठी आणि अतिशय दणकट एकबारी रायफलींसाठी. तिसऱ्या तक्त्यातले काडतूस पहिल्या प्रकारच्या रायफलीत घातले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. कवच एकच, बाहेरून दिसायला तंतोतंत सारखे, आणि फरक केवळ आतल्या दारूचा.

दुसरी बाब अडकवणीच्या जागेची. बोल्ट-अॅक्शन रायफलीत, म्हणजे बोल्ट हातानेच उचलून मागेपुढे करायच्या रायफलीत, बोल्टचे अडकणारे कान सर्वसाधारणपणे पुढे, चेंबरच्या लगेच मागे अडकतात. जुन्या विंचेस्टर आणि मार्लिन लीव्हर रायफलींत बोल्ट मागच्या भागात अडवलेला असतो. त्यामुळे गोळी उडताना बोल्टची संपूर्ण लांबी आणि सांगाड्याच्या दोन्ही भिंती किंचित लवतात. पुन्हा मूळ जागी येतात खऱ्या, पण तेवढ्या क्षणात कवच ताणले जाते. अशी कवचे पुन:पुन्हा भरली की बुडाच्या किंचित वर, आतल्या बाजूला एक खाच पडू लागते. वाकवलेल्या तारेचे टोक कवचात घालून भिंतीवरून हळूच ओढले की ते त्या खाचेत अडकते. तार अडकली की ते कवच फेकून द्यावे, नाहीतर एक दिवस बूड तुटून तापलेला वायू मागे येतो. बोल्ट-अॅक्शनमध्ये दाब वाढला की बोल्ट उचलताना जड जातो आणि तेवढ्याने माणूस सावध होतो. लीव्हर रायफलीत लीव्हर जड होईपर्यंत बहुधा मर्यादा ओलांडलेली असते.

म्हणून कोणत्या रायफलीवर हे रूपांतर शोभते, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : मॉडेल ७१ आणि चांगल्या पोलादाची उत्तरकालीन १८८६. काळ्या दारूच्या काळातील पहिल्या १८८६ रायफली, मॉडेल १८९४ किंवा त्यांच्याहून हलक्या सांगाड्याच्या रायफली यांना या वाटेला मुळीच नेऊ नये, मग काडतूस चेंबरमध्ये कितीही बेमालूम बसो. कोणते काडतूस बसते हा प्रश्न मागाहूनचा आहे; पोलाद किती सोसते हे आधी विचारायचे असते.

प्रश्न : अशा रायफलींत टोकदार गोळ्या का वापरत नाहीत? आणि रूपांतर म्हणजे केवळ नळी बदलणे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : या रायफलींचे मॅगझिन नळीखाली लांब पन्हळीसारखे असते आणि त्यात काडतुसे एकामागोमाग ओळीने बसतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातील आघाताने पेटणाऱ्या टोपीला, टेकलेले असते. जोरकस काडतुसाचा धक्का बसला की सारी ओळ मागेपुढे आदळते, आणि टोक अणकुचीदार असेल तर तेच टाचणीचे काम करून पुढचे काडतूस मॅगझिनमध्येच फोडू शकते. म्हणून गोळीचे तोंड सपाट ठेवतात. हॉर्नडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या काढून ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली, पण त्या काही ठराविक व्यासांत आणि ठराविक काडतुसांतच मिळतात. ज्या लीव्हर रायफलींना पेटीसारखे मॅगझिन असते त्यांना हे बंधन नाही. विंचेस्टर मॉडेल १८९५ तशीच आहे. १९०९ साली आफ्रिकेत गेलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी .४०५ विंचेस्टर काडतुसासाठी हीच रायफल नेली होती.

नळी बदलणे हा रूपांतराचा सोपा भाग आहे. खरे कौशल्य काडतूस मॅगझिनमधून चेंबरपर्यंत नेण्यात लागते. अलास्कातील अँकरेज शहरात असताना एका कारागिराच्या कार्यशाळेत मला रूपांतरित मॉडेल ७१ हाताळायला मिळाली. त्यांनी मला दोन निर्जीव काडतुसे भरून लीव्हर सावकाश ओढायला सांगितली. खालची उचलणी वर आली, जाड काडतुसाचे तोंड चेंबरच्या काठापाशी पोहोचले आणि तिथेच तिरपे अडकले. मग त्यांनी तीच लीव्हर एका झटक्यात पुढे ढकलून मागे घेतली आणि काडतूस सहज आत गेले. मला बरे वाटले. त्यांना मात्र नाही. त्यांच्या मते जी रायफल केवळ झटक्यानेच चालते तिचे काम अपुरे आहे, कारण भेदरलेल्या माणसाचा हात कधी अर्ध्यावरच थांबतो. त्यांनी काडतूस मार्गावर ठेवणारी बाजूची पट्टी काढली, तिच्या आतल्या कडेवर पितळाचा पिवळा ओरखडा कोठे उमटला आहे ते भिंगातून दाखवले, आणि तेवढीच जागा बारीक कानशीने घासू लागले. पट्टी घालायची, चालवून पाहायची, काढायची, घासायची, पुन्हा घालायची, असे दोन तास चालले. शेवटी लीव्हर मुंगीच्या गतीने ओढली तरी काडतूस न अडखळता आत जाऊ लागले. रूपांतराचे पैसे कशाचे, असे कोणी विचारले तर मी त्या दोन तासांकडे बोट दाखवीन.

गोळीच्या निवडीतही सावधगिरी हवी. .४५८ व्यासाच्या अनेक गोळ्या १९५६ साली आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नम या आफ्रिकी शिकारीच्या काडतुसासाठी घडवलेल्या असतात. त्यांची तोंडे गोल असतात आणि त्यांतल्या काहींवरचे धातूचे आवरण एवढे जाड असते की लीव्हर रायफलीच्या वेगाला ती पसरतच नाहीत. माप जुळते, काम जुळत नाही.

प्रश्न : आज हे रूपांतर करण्याची गरज उरली आहे का? खांद्याला किती धक्का बसतो? आम्ही पतिपत्नी पुढील वर्षी अलास्काला जाणार आहोत, तेथे अशी रायफल भाड्याने घ्यावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. मार्लिन कंपनीने १९७२ मध्ये १८९५ हे जुने नाव देऊन .४५-७० ची नवी, मजबूत लीव्हर रायफल आणली, १९९८ मध्ये तिची आखूड ‘गाइड गन’ काढली, आणि २००० मध्ये हॉर्नडीच्या साहाय्याने .४५० मार्लिन हे काडतूस आणले. त्याची दाबाची मर्यादा ४३,५०० आहे आणि ते चुकून जुन्या, दुबळ्या रायफलीत जाऊ नये म्हणून त्याच्या बुडाशी रुंद पट्टा ठेवलेला आहे. साधारण २३ ग्रॅमची गोळी ते ६४० मीटरच्या वेगाने फेकते. म्हणजे जॉन्सन यांनी कानशीने मिळवले त्यातले बहुतेक आता कारखान्यातून, प्रयोगशाळेच्या हमीसह मिळते. मार्लिनचे नाव २०२० पासून रूगर कंपनीकडे आहे आणि १८९५ पुन्हा बनत आहे. त्यामुळे मूळ अवस्थेतील मॉडेल ७१ आज कोणी नव्याने कापायला काढली तर मला वाईट वाटेल. ज्यांचे रूपांतर पूर्वीच झाले आहे, त्या जपून वापराव्यात.

धक्क्याविषयी : साडेतीन किलोंच्या रायफलीतून .४५० अलास्कन उडवले तर खांद्यावर येणारी ऊर्जा माझ्या हिशेबाने .३०-३० च्या साधारण चौपट भरते. पहिला बार माणूस सोसतो. दुसऱ्या बारापूर्वी डोळे मिटू लागतात. ज्याने वर्षभर सराव केलेला नाही त्याच्या हाती ही रायफल संरक्षण ठरत नाही. आपण दोघे पर्यटक म्हणून जात असाल तर रायफलीचा विचार सोडून अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेला लावा, तो काढण्याचा सराव हॉटेलच्या आवारातच करून घ्या, आणि चालताना मोठ्याने बोलत राहा. फवाऱ्याचा डबा विमानात नेता येत नाही, तो तेथेच विकत घ्यावा लागतो. शिकारीचा विचार असेल तर परदेशी नागरिकाला अलास्कात कोणत्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परवानाधारक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. स्वसंरक्षणासाठी अस्वल मारावे लागले तर त्याचे कातडे आणि कवटी राज्य सरकारकडे जमा करावी लागते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळातील विंचेस्टर लीव्हर रायफल परवान्यावर आहे. तिचे काडतूस मिळत नाही. ती भारतात दुसऱ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) करून घेता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्वतःच्या इच्छेने, स्थानिक कारागिराकडून, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमात शस्त्र बनवणे आणि विकणे यांच्याबरोबरच रूपांतर करणे, दुरुस्त करणे आणि चाचणी घेणे यांचाही समावेश आहे, आणि व्यवसाय म्हणून यांपैकी कोणतेही काम करणाऱ्याकडे स्वतंत्र परवाना असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलण्यावरही बंधन आणले. शिवाय आपल्या परवान्यावर रायफलीचे बोअर आणि क्रमांक नोंदलेले असतात. बोअर बदलले की हातातील शस्त्र परवान्यावरचे राहतच नाही. ज्या कामासाठी हे रूपांतर अमेरिकेत केले जाते ते काम तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर आपल्याकडे उरलेलेच नाही, आणि ते उरलेले नाही याचे मला समाधान आहे.

आपल्या प्रश्नामुळे एक जुनी गोष्ट आठवली. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली, कारण सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या गोळ्या त्याच व्यासाच्या होत्या आणि त्या बंडखोरांच्या कामी येतील अशी भीती होती. मग इंग्लंडमधील बंदूक-कारागिरांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसे घडवली. कुमाऊंच्या नरभक्षक वाघांमागे फिरणाऱ्या जिम कॉर्बेट यांची .४५०/४०० दुनळी मात्र या बंदीत अडकत नव्हती, कारण .४५० च्या कवचाचे तोंड आवळून तिच्यात सुमारे .४० व्यासाची गोळी बसवलेली होती. एका कवचाचे तोंड आवळून किंवा रुंद करून दुसरे काडतूस काढण्याची ही युक्ती केनाईच्या पुष्कळ आधीची आहे.

आपल्या रायफलीच्या नळीवर कोरलेला बोअर आणि सांगाड्यावरचा क्रमांक परवान्यावरील नोंदीशी ताडून पाहावेत. तफावत आढळल्यास कोणत्याही दुकानात जाण्यापूर्वी ती परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवावी आणि अर्जाची पोच घ्यावी. नळीला वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तेलाचा हलका हात द्यावा, आणि ती कोंदट कातडी पिशवीत न ठेवता हवा लागेल अशा कुलूपबंद कपाटात उभी ठेवावी.